शेजारणीला दिसलेली हळद

डॉ. सुप्रभा मगदूमच्या डब्यातली आमटी ताबडतोब शस्त्रक्रियेला न्यावी, असा अहवाल मशीनने दिला तेव्हा प्रयोगशाळेत अजून कुणीच जेवलेलं नव्हतं.

"ऊतींमध्ये व्यापक विकृती आढळते," मशीन शांत, सरकारी आवाजात म्हणालं. "कृपया नातेवाइकांना विश्वासात घ्यावे."

आमटीचा जवळचा नातेवाईक म्हणजे भात. सुप्रभाने भाताचं एक शीत काचेवर ठेवलं. भात निरोगी निघाला. चपाती ठणठणीत, दोडक्याची भाजी अत्यवस्थ. कैरीच्या लोणच्यापाशी मशीन क्षणभर थबकलं आणि "खेद वाटतो" एवढंच म्हणालं.

तंत्रज्ञ मुली घाबरून डबे झाकायला लागल्या. सुप्रभा मात्र खुर्चीतून अशी उठली, जणू तिचा दहावीचा निकाल लागला होता. सकाळपासून छळणाऱ्या कोड्याचं उत्तर तिला आमटीत सापडलं होतं.

कोडं असं होतं. सांगलीच्या त्या धर्मादाय रुग्णालयात मशीन बसवून एक दिवसही झाला नव्हता, आणि एवढ्यात त्याने मार्केट यार्डातल्या दोन हमालांना, एका तोलाऱ्याला आणि एका नवरदेवाला कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात नेऊन बसवलं होतं. हमाल हसून निघून गेले, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत दोन गाड्या रिकाम्या करायच्या होत्या. नवरदेवाचं प्रकरण नाजूक होतं. मशीन येणार हे कळल्यापासून मुलीकडची मंडळी पत्रिकेसोबत जिभेचा अहवालही मागत. गुटखा खातो का, हे पत्रिकेत दिसत नाही, मशीनला दिसतं. नवरदेवाला आदल्या दिवशीच हळद लागली होती. त्याच्या ओठांचं आणि हातांचं चित्र पडद्यावर असं काही झगमगलं, की त्याची होणारी सासू तिथल्या तिथे दुसऱ्या स्थळाला फोन लावत बाहेर गेली.

मशीनचं कागदोपत्री नाव ‘ऊतीदर्शक’ होतं. रुग्णालयात सगळे त्याला ‘शेजारीण’ म्हणत. घरात पाऊल न टाकता आतलं सगळं तिला दिसायचं, आणि दिसलेलं ती मनात ठेवत नसे.

तिचं काम समजून घ्यायला आधी जुनी पद्धत पाहावी लागेल. पूर्वी, म्हणजे अगदी कालपर्यंत, रोग शोधायचा तर शरीराचा तुकडा कापावा लागे. तो रसायनात भिजवायचा, मेणात पुरायचा, मेणाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, गुलाबी आणि जांभळ्या रंगात बुडवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. यात चार दिवस जात. या चार दिवसांत पेशंट देवाला काय काय कबूल करून बसे, त्याची नोंद वैद्यकशास्त्रात नाही.

शेजारीण कापत नसे, रंगवत नसे. ती पेनाएवढी दांडी जिभेला टेकवून आत फक्त उजेड सोडायची, तोही डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. आता शरीरातल्या कितीतरी रेणूंना उजेड दिला की ते स्वतःच मंद चमकतात. पण बँकेतल्या लॉकरला जशा दोन किल्ल्या एकदम लागतात, एक आपली आणि एक मॅनेजरची, तसे हे रेणू दोन प्रकाशकण एकाच क्षणी येऊन भिडले तरच उघडतात. एकटादुकटा कण मांसातून कुणालाही न छेडता निघून जातो. भिंगाने जिथे उजेड एका टिंबात गोळा केला असेल, तिथेच गर्दी होते, तिथेच दोन किल्ल्या एकदम लागतात आणि तेवढंच टिंब चमकतं. टिंब पुढे सरकवत, खोल नेत, शेजारीण जिवंत जिभेचं आतलं चित्र काढायची. निरोगी पेशी साखर एका रीतीने जाळते, बिघडलेली दुसऱ्या, म्हणून दोघींच्या चमकेची छटा वेगळी. ती छटा ओळखायला शेजारीण शिकली होती. चहा निवेपर्यंत अहवाल हातात.

फक्त ती शिकली होती फिनलंडमध्ये. तिथल्या हजारो जिभा तिने पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकाही जिभेने सांगलीची आमटी पाहिली नव्हती.

आणि हळदीतला पिवळा रेणूही अशाच दोन किल्ल्यांनी उघडतो. उघडला की दिवाळी.

सुप्रभाने कंपनीच्या इंजिनिअरला, लीनाला, फोन लावला. फिनलंडमध्ये सकाळ होती. सुप्रभाने तिला आमटीचं चित्र दाखवलं. लीनाने बराच वेळ ते पाहिलं आणि या रुग्णाचं वय काय, असं विचारलं.

चूक कुठे आहे ते कळल्यावर तिने आठवड्याभरात नवा प्रोग्राम पाठवला. आता हळदीची ती पिवळी चमक दिसली, की शेजारीण तेवढा भाग गाळून टाकायची आणि म्हणायची, "मसाला आढळला. दुर्लक्ष करावे." सगळ्यांनी त्याला ‘चाळण’ असं नाव दिलं. नवरदेवाचं लग्न झालं. सासूने लग्नात सुप्रभाला नारळ दिला, आणि जावई अधूनमधून तपासून मिळेल का, याची चौकशी केली.

सगळं सुरळीत झालं होतं. म्हणजे अण्णांची जीभ सोडून.

अण्णा म्हणजे सुप्रभाचे वडील, आदगोंडा मगदूम. हळदीचे अडत व्यापारी. मार्केट यार्डात हळदीचा सौदा पुकारायचा तो अण्णांनीच. आता बोल्या फोनवरून लागत, भाव भिंतीवरच्या पडद्यावर पळत, पण नुसता पडदा ठेवला की खरेदीदार झोपा काढतात हे बाजार समितीने एका हंगामात पाहिलं होतं. अण्णा ढिगाऱ्यावर उभे राहून "बघा माल, बघा रंग, सोन्याला लाज आणलीया" असं सुरू करत, तेव्हा हैदराबादचा व्यापारी हैदराबादेत खुर्चीत ताठ बसे. त्यांची जीभ यार्डाच्या मालमत्तेत धरली जाई.

आणि याच जिभेवर डाव्या कडेला एक पांढरा चट्टा उठला होता. तुटकी दाढ तिथे महिनोन्महिने घासत होती. दाढ काढली, चट्टा राहिला. सुप्रभाचा वर्गमित्र, सर्जन डॉ. रियाज मुजावर, याने त्यातला कण काढून कोल्हापूरच्या घाटगे मॅडमकडे पाठवला. असे नमुने एरवी सुप्रभाच तपासे, पण आपल्या माणसाचा नमुना आपण बघायचा नाही, हा त्या धंद्यातला दंडक. मॅडमचा अहवाल आला. सुरुवातीचा कॅन्सर. पण तो चट्ट्यात कुठून कुठवर पसरलाय, ते एका कणावरून सांगता येणार नाही.

रियाजने सरळ सांगितलं होतं. हद्द कळली नाही तर धोका पत्करायचा नाही, जिभेचा डावा तिसरा हिस्सा काढायचा. अण्णा जगतील. बोलतीलही. पण घरातल्या माणसांना कळेल एवढंच.

अण्णांनी हे ऐकून विचारलं, "आणि हैदराबादला?"



म्हणून सुप्रभाची सगळी भिस्त शेजारणीवर होती. तिने कड नीट दाखवली तर जीभ वाचणार होती. अडचण एकच. अण्णांच्या तोंडात हळद कायमची मुक्कामाला. यार्डात हळदीची धूळ, घरी हळदीचं दूध, घसा बसला की हळदीची चिमूट थेट जिभेवर. पहिल्या तपासणीत शेजारणीने "मसाला आढळला" एवढं इतक्या वेळा म्हटलं, की तिलाच धाप लागल्यासारखी वाटली.

आता इथे मगदूम घराण्यातल्या एका जुन्या युद्धाबद्दल सांगणं भाग आहे. फोनवर ‘मगदूम परिवार’ नावाचा ग्रुप होता. त्यावर अण्णा रोज सकाळी हळदीचे गुण पाठवत. हळदीने गुडघे, हळदीने स्मरणशक्ती, हळदीने कॅन्सर, एकदा तर हळदीने वास्तुदोष. प्रत्येकाखाली सुप्रभा एकच शब्द लिही: पुरावा? त्यावर अण्णा बाराबंदी घातलेल्या कुणातरी वैद्याचा फोटो टाकत. सुप्रभा परत लिही: पुरावा? मधल्या काळात आत्या दोघांनाही हात जोडल्याचं चित्र पाठवत. गेली कितीतरी वर्षं हा कुटुंबातला एकमेव नियमित संवाद होता.

अशा माणसाला हळद सोडायला सांगायची होती.

"पंधरा दिवस, अण्णा. तोंडात हळद राहिली तर मशीनला काही दिसणार नाही."

"हळदीनं रोग जातो. तू म्हणतीस हळदीनं रोग दिसत न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हंजे दोन्हीचा अर्थ एकच झाला की."

नुसत्या शब्दावर ते राहणार नाहीत, हे सुप्रभाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून ती त्यांना जैन बस्तीत घेऊन गेली आणि मूर्तीपुढे नियम घ्यायला लावला. अण्णा सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत. घेतलेला नियम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. एकदा तर नियमापायी त्यांनी व्याह्यांच्या घरी समोर आलेलं पंचपक्वान्नाचं ताट उपाशीपोटी तासभर न्याहाळलं होतं. बस्तीतल्या उपाध्यांनी पंधरा दिवस हळद खाणार नाही, असं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. अण्णांनी हात जोडून शब्दन् शब्द म्हटला. सुप्रभा निर्धास्त झाली.

घरात पांढरी आमटी सुरू झाली. आईने ती पहिल्यांदा वाढली तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं सगळे गप्प जेवले.

पंधरा दिवसांनी अण्णा खुर्चीत बसले, दांडी जिभेला लागली आणि पडदा उजळला. चित्र स्वच्छ होतं. पिवळ्याचा मागमूस नाही. मग दांडी डाव्या कडेला आली आणि शेजारीण बोलू लागली.

"डाव्या बाजूला व्यापक संशय. कड निश्चित करता येत नाही." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "मध्यभागी मसाला आढळला. दुर्लक्ष करावे."

सुप्रभाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी छताकडे पाहिलं.

"अण्णा, नियम मोडलात?"

तोंडात दांडी असताना माणूस जितका अपमानित दिसू शकतो तितके अण्णा दिसले. दांडी निघाल्याबरोबर ते म्हणाले की त्यांनी हळदीचा कणही खाल्लेला नाही. नियम खाण्याचा होता. ते फक्त रोज सकाळी हळदीचं पाणी तोंडात धरत, गुळण्या करत आणि थुंकून टाकत. गिळलं असेल तर सांग. शिवाय तिला कळू नये म्हणून नंतर साध्या पाण्याने दहा-बारा चुळा भरत, आज तर दातही दोनदा घासले होते.

"उपाध्यांनी ‘खाणार न्हाई’ म्हणवलं," ते म्हणाले. "‘चूळ भरणार न्हाई’ म्हणवलं न्हाई. नियम कसा घ्यावा ते घेणाऱ्याला कळत न्हवतं असं न्हाई, देणाऱ्यानं ध्यान द्यायला पायजे."

सुप्रभाला ओरडायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण डोळे पडद्यावर होते आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

चाळण बंद करून तिने चित्र पुन्हा उघडलं. अण्णांनी चुळा इतक्या मन लावून भरल्या होत्या, की जिभेवर कुठेही हळद उरली नव्हती. उरली होती ती एकाच जागी. मसुरीच्या डाळीएवढा सोनेरी डाग, कडा सुरीने कापल्यासारख्या. भोवती चट्ट्याचा सगळा धुरकट भाग होता, आणि त्यात हळदीचा लवलेश नव्हता. सगळ्या जिभेने हळद सोडून दिली होती. फक्त या डाळीने ती धरून ठेवली होती.

का?

घाटगे मॅडमनी पाहिलेला कण कुठून काढला होता, त्याची खूण तिने चित्रावर शोधली. ती डाळीच्या आत होती.

चट्ट्याचा मोठा धुरकट भाग कदाचित नुसती दाढ घासून आलेली सूज असेल. शेजारीण सुजेला संशय म्हणत होती. आणि खरा रोग तिला दिसत होता, व्यवस्थित दिसत होता, पण लीनाने आणि सुप्रभाने मिळूनच तिला तिकडे दुर्लक्ष करायला शिकवलं होतं.

पण हा तर्क झाला. सुप्रभा तर्काला काय लिहायची ते सगळ्या मगदूम परिवाराला पाठ होतं.

पुढचे दिवस प्रयोगशाळेचं लग्नघर झालं. रियाजच्या शस्त्रक्रियांतून निघालेले जिभेचे आणि गालाचे ताजे तुकडे, अर्थात पेशंटची परवानगी घेऊन, खाली येत. सुप्रभा प्रत्येक तुकडा हळदीच्या पाण्यात ठेवी, साध्या पाण्याने धुई, शेजारणीखाली धरी. मग तोच तुकडा जुन्या पद्धतीने मेणात, कापात, गुलाबी-जांभळ्या रंगात. हळद तिला लागत होती भरपूर आणि एकाच प्रतीची. म्हणजे ती अण्णांच्या गोदामातूनच आणावी लागणार. तिने हळद मागितली तेव्हा अण्णांनी काहीच विचारलं नाही. पोत्यावर मात्र गुलाल टाकून, हार घालून पाठवलं.

पहिल्या तुकड्यात सोनेरी भाग आणि रोगाची जागा तंतोतंत एकावर एक बसली. सुप्रभाने योगायोग असं लिहिलं. दुसऱ्यात बसली. तिसऱ्यात बसली नाही, आणि ती दुपारभर नोंदी उलटसुलट तपासत बसली. मग कळलं की तो तुकडा धुवायचाच राहिला होता. धुतल्यावर बसली. त्यानंतर बसतच गेली. चांगली पेशी बाहेरून आलेला रंग उपसून टाकते, बिघडलेलीचा उपसा मंदावलेला असावा, असा तिचा अंदाज होता. अंदाजच. कारण शोधायला वर्षं लागणार होती. पण काय होतंय ते समोर होतं, पिवळंधमक. तिने लीनाला चित्रं दाखवली. लीना यावेळी वय विचारायची विसरली. तिने तिच्या भाषेत एक शब्द उच्चारला आणि त्याचं भाषांतर करायला नकार दिला.

रियाजने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी माझ्या नोंदीत लिहायचं, आमटीच्या सल्ल्याने कमी कापलं?"

"तू कमीने सुरुवात कर. डाळ, आणि भोवती नेहमीचं मोकळं अंतर. अण्णा भुलीत असतानाच त्या तुकड्याच्या कडा गोठवून काप काढू, घाटगे मॅडम पडद्यावर बघतील. कडा साफ नसल्या तर पुढे काप, तिसरा हिस्सा आहेच."

रियाजने थोडा विचार केला. ही गोष्ट नियमात बसत होती. फक्त सुरुवात कुठून करायची, तेवढं हळदीने सांगितलेलं होतं. "बसतंय," तो म्हणाला. "पण पहिली कड खराब निघाली तर मी तुझ्याकडे बघणार नाही. सरळ कापणार."

राहिले अण्णा. संमती त्यांचीच हवी होती. सुप्रभाने त्यांना घरी, बाहेरच्या सोप्यात बसवून सगळं सांगितलं. हळदीने रोग बरा होत नाही, हे तिने सुरुवातीला सांगितलं, मध्ये सांगितलं आणि शेवटी पुन्हा सांगितलं. पण रोग कुठे संपतो, ते हळद दाखवते असं दिसतंय. आयुष्यभर ज्या हळदीच्या बाजूने हा माणूस लढला, तिची बाजू घेऊन आज त्यांची मुलगी समोर बसली होती. ते उठून नाचतील, पोत्यासारखा तिलाही हार घालतील, अशी तिची तयारी होती.

अण्णांनी जीभ आतल्या आत गालावरून फिरवली, हिशेब करताना फिरवत तशी. मग हळूच म्हणाले, "पुरावा काय?"

सुप्रभाने नकळत फोनकडे पाहिलं.

"न्हाई, माझी जीभ हाय म्हणून विचारतो," अण्णा अवघडून म्हणाले. "ग्रुपवरचं येगळं."

तिने त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि एकेक चित्र दाखवलं. डावीकडे सोनेरी, उजवीकडे गुलाबी-जांभळं. न धुतलेला तुकडाही दाखवला, आपली चूक कशी झाली तेही. अण्णा व्यापारी माणूस. एकही चित्र त्यांनी घाईने पुढे ढकललं नाही, प्रत्येकाच्या कडा बोटाने पडद्यावर गिरवल्या आणि दोन चित्रं परत मागे घ्यायला लावली. शेवटी चष्मा काढून पुसला.

"हळदीवर माझा भरवसा हायच," ते म्हणाले. "पण सही तुझ्या ह्या गुलाबी चित्रांवर करतो."

शस्त्रक्रिया सकाळी होती. शेजारणीची दांडी शस्त्रक्रियागृहात आणली होती. अण्णांनी भूल चढायच्या आधी हळदीची शेवटची चूळ भरून साध्या पाण्याने तोंड धुतलं, या वेळी वैद्यकीय सल्ल्याने, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते भुलीचं नव्हतं.

चाळण पडद्यावरून काढली होती, शेजारणीच्या आवाजातून काढता आली नव्हती. डाळ पडद्यावर चमकली. रियाजने तिच्याभोवती रेघ आखली.

"व्यापक संशय," शेजारीण म्हणाली. "अधिक ऊती काढाव्यात. मसाल्याकडे दुर्लक्ष करावे."

"हिला गप्प करता येतं का?" रियाजने विचारलं. येत नव्हतं. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी ती सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती.

तुकडा निघाला. नखाएवढा. सुप्रभाने तो घेतला आणि शेजारच्या खोलीत कडांना वेगवेगळ्या शाया लावल्या, वरची निळी, खालची हिरवी, म्हणजे कोणती कड कुठली ते हरवू नये. मग गोठवला, कापला, रंगवला. हे काम तिने हजारदा केलं होतं. बघायचं मात्र तिने नव्हतं. काच तिने यंत्रात सरकवली आणि कोल्हापुरात घाटगे मॅडमच्या पडद्यावर चित्र गेलं.

मॅडम बोलायला हळू. त्या आधी हूं म्हणत.

"हूं," मॅडम म्हणाल्या. "निळी कड साफ."

पलीकडून शेजारणीचा आवाज येत होता, अधिक ऊती काढाव्यात, अधिक ऊती काढाव्यात. रियाज हात वर धरून उभा होता.

"हूं. आतली साफ. मागची..." मॅडमनी चित्र मोठं केलं. लहान केलं. पुन्हा मोठं केलं. सुप्रभाला वाटलं, कोल्हापूर जरा जास्तच लांब आहे. "मागची सूज आहे. नुसती सूज. साफ. हिरवी कड... साफ." मग कागद सरकवल्याचा आवाज आला. "रोग मधोमध आहे, छोटासा. कुणी आखून दिली होती ही रेघ?"

दारातून रियाज म्हणाला, "मार्केट यार्डाने, मॅडम." आणि टाके घालायला घेतले.

सुप्रभा बाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर हात ठेवून इतकी हसली की आईला वाटलं रडतेय. मग खरंच रडली, तेव्हा आईला वाटलं हसतेय. दोघींनी ते तसंच राहू दिलं.

अण्णांना काही दिवस बोलायला बंदी होती. त्या काळात त्यांनी ग्रुपवर एकच गोष्ट टाकली. जिभेचा, टाक्यांसकट, अगदी जवळून काढलेला फोटो, खाली लिहिलेलं: पुरावा. सुप्रभाने लगेच लिहिलं की हा दाखवण्याचा पुरावा आहे, बरं करण्याचा नाही. आत्यांनी हात जोडले. नंतर फोटो मोठा करून पाहिला आणि ग्रुप सोडला.

बंदी उठली त्या दिवशी रियाज वॉर्डात आला. सुप्रभा, आई सगळे खाटेभोवती उभे राहिले. रियाजने सांगितलं की काहीही बोला, जमेल तसं.

अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. समोर रुग्णालयाची खिचडी होती. शेजारणीच्या भीतीने मुदपाकखान्याने हळद केव्हाच बंद केली होती, आणि खिचडी आजारी माणसासारखी पांढरी पडली होती. अण्णांनी वाटी उचलून डोक्याच्या वर धरली.

"बघा माल," ते म्हणाले. आवाज खरखरीत होता. "बघा माल. रंग न्हाई, वास न्हाई, चव तर लांबच ऱ्हायली. असला माल सांगलीत परत येनार न्हाई. बोला, कोण घेतंय?"

शब्दन् शब्द वॉर्डाच्या टोकापर्यंत पोचला. तिथे झोपलेल्या, तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांत मुरलेल्या शेवंता मावशी जाग्या झाल्या आणि सवयीने हात वर केला. माझी एक उशी, त्या म्हणाल्या. प्लास्टरवाल्याने दोन उशा लावल्या. कुणी आपली खिडकीजवळची खाट लावली. सौदा चढत गेला. अण्णांचा आवाज तापत गेला आणि जीभ एकाही अक्षराला अडली नाही. रियाज भिंतीला टेकून, डोळे मिटून नुसतं ऐकत होता.

खिडकीवर सौदा थांबणार, तेवढ्यात सुप्रभाने हात वर केला.

"एक महिना ग्रुपवर पुरावा मागणार नाही."

वॉर्डाला काही कळलं नाही. अण्णांना कळलं. त्यांनी वाटी खाली आणून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर नेली.

"एक वार," ते म्हणाले. "दोन वार." इथे त्यांचा आवाज जरा हलला, पण ते जिभेमुळे नव्हतं. "तीन वार. माल मगदूम बाईंचा."

सुप्रभाला ती खिचडी खावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा फोन वाजला. मगदूम परिवार. अण्णांनी पाठवलं होतं की कारल्याचा रस जिभेला लावला असता जुनाट जखम आपोआप ओळखू येते. खाली त्याच बाराबंदीतल्या वैद्याचा फोटो. सुप्रभाचा अंगठा सवयीने ‘पु’पर्यंत गेला. मग सौदा आठवला. तिने ‘पु’ पुसला.

मग ती उठून मुदपाकखान्यात गेली आणि एक कारलं मागून आणलं. त्याचा काप काचेवर ठेवला. शेजारणीने बराच वेळ घेतला, इतका तिने आजवर कुणाला दिला नव्हता. पडद्यावर एक रंग उमटला. हिरवाही नाही, पिवळाही नाही, सुप्रभाने आधी कधीच न पाहिलेला.

"अनोळखी प्रकाश आढळतो," शेजारीण म्हणाली. "कृपया नातेवाइकांना विश्वासात घ्यावे."

सुप्रभाने खुर्ची पुढे ओढली, ग्रुप उघडला आणि लिहिलं: अण्णा, अजून काय काय आहे?